सासूबाईंनी लेकाला उलथण्यानं मारलं. बोलायचं कुणी, मी की नवऱ्यानं?

कैरीचं_लोणचं | गुरुवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुडत असते, आज वेगळंच घेऊन आलेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मी, नवरा, सासूसासरे आणि आमचं चार वर्षांचं पोरगं. घरी त्याला चिकू म्हणतात, इथंही तेच म्हणते. मी मिरजेला नोकरीला आहे. सकाळी नऊला बाहेर पडते ते साडेसहाला घरी. नवऱ्याचं दुकान माधवनगर रोडला, त्याला रात्रीचे नऊ होतात. चिकू साडेअकराला बालवाडीतून येतो, तिथून मी येईपर्यंत आज्जी-अण्णांकडे. म्हणजे खरं तर आज्जींकडेच, अण्णांचा पेपर, टीव्ही आणि दुपारची झोप यातून त्यांना सवड नसते. (आज्जी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते.)

सोमवारी संध्याकाळी त्याला आंघोळ घालताना डाव्या पोटरीवर दोन आडव्या लाल रेघा दिसल्या, मध्ये बोटभर अंतर. आधी वाटलं कुठंतरी खरचटलं असेल. पण खरचटलेलं इतकं सरळ नसतं. शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, हे काय झालं रे? तो मगात साबणाचा फेस भरत होता. मान वर न करता म्हणाला, "आज्जीनं उलथणं मारलं. गॅसचं बटण फिरवलं म्हणून. आईला सांगायचं नाही म्हणाली."

मी काही बोलले नाही. त्याला पुसलं, खोबरेल लावलं, वरणभात भरवला. रात्री नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "गॅसचं बटण फिरवलं, मग काय ओवाळायचं का त्याला? आम्ही छड्या खाल्ल्यात. वाया गेलो का?" आणि कूस बदलून झोपला.

मीही विषय सोडला असता. पण काल संध्याकाळी बाल्कनीतून आवाज आला, "लावशील हात? लावशील परत?" मला वाटलं आईच बोलतायत. तोच हेल, 'लावशील'वर तोच जोर. जाऊन बघते तर चिकू शेजारच्यांच्या मांजराच्या पिल्लासमोर फूटपट्टी घेऊन उभा. पिल्लू कुंडीमागं दबून बसलेलं.

मी बोलले तर 'सून सासूला बोलली' ही बातमी अर्ध्या तासात बुधगावच्या नणंदेकडे पोचेल. नवरा बोलणार नाही. आणि खरं सांगायचं तर आईंशिवाय माझी नोकरी एक आठवडाही चालायची नाही, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही. काय करू?

मिरजकर_नाना | शुक्रवार, सकाळी ६.०५

ताई, माझं वय ६८. आमचे वडील आम्हा चार भावांना निरगुडीच्या फोकानं मारायचे. चूक एकाची असली तरी चौघांना रांगेत उभं करायचे, खरा चोर शोधत बसायला त्यांना वेळ नव्हता, रानात मोट धरायची असायची. चौघंही नोकरीला लागलो, चौघंही पेन्शन खातोय.

गॅसचं बटण फिरवणाऱ्याला समजावून सांगायचं म्हणता. भडका उडाल्यावर सांगणार का? आजीनं पोटरीवर मारलं, डोक्यात नाही, हे ध्यानात घ्या. कुठं मारायचं ते त्या बाईला कळतं.

हळदीचा_वायदा | शुक्रवार, सकाळी ८.१२

नानांशी सहमत. भडंग घेऊन बसलोय, येऊ द्या.

अर्धी_चपाती | शुक्रवार, सकाळी ८.३०

नाना, चौघांतल्या तिघांचा गुन्हा काय होता?

मिरजकर_नाना | शुक्रवार, सकाळी ८.४१

चौथ्याला थांबवलं नाही हा. (हलके घ्या.)

ताप_उतरला | शुक्रवार, दुपारी २.२०

लोणचं ताई, मी परिचारिका आहे. बावीस वर्षं लहान मुलांच्याच वॉर्डात काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रेघांबद्दल. गोल दांड्याचा, छडीचा फटका बसला की जिथं दांडा लागतो तिथलं रक्त दोन्ही बाजूंना सरकतं. मधली जागा फिकी राहते आणि कडांना दोन समांतर रेघा उठतात. म्हणजे दोन रेघा हा एकच फटका असू शकतो. तो कमी लागला असं मी म्हणत नाही, चार वर्षांच्या पोटरीवर असा वळ उठायला बऱ्यापैकी जोर लागतो. पण घरात 'दोनदा का मारलंत' असं म्हणालात आणि त्यांनी एकदाच मारलं असेल, तर पुढचं सगळं बोलणं त्या एका आकड्यावर अडकेल. कातडी फाटली नसेल, सूज वाढत नसेल, पोरगं नीट चालत असेल तर आठ-दहा दिवसांत रंग बदलत बदलत जाईल.

नानांनी 'डोक्यात नाही' म्हटलं म्हणून सांगते. कानाखाली वाजवणं हे आपल्याकडं अगदी साधं समजतात. उघड्या हाताचा फटका कानावर नेमका बसला तर आत हवा दाबली जाऊन पडदा फाटतो. अशी मुलं मी पाहिलीत, आणि आणणारा दर वेळी 'खेळताना पडलं' असंच सांगतो. तान्ह्या बाळाला रागानं गदागदा हलवणं तर त्याहून वाईट. मान कमकुवत, डोकं जड, मेंदूत रक्तस्राव होतो आणि बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही.

आता गॅस. चार वर्षांच्या मुलाला 'बटणाला हात लावायचा नाही' हे पाठ असतं. विचारा, घडाघडा सांगेल. पण माहीत असणं आणि हात आवरणं ही डोक्यातली दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम पिकायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. म्हणून ते बटणाकडं जाताना स्वतःच 'नाही लावायचा, नाही लावायचा' म्हणत जातं आणि लावतं. तो उद्धटपणा नसतो. उपाय सिलिंडरपाशी आहे. काम झालं की रेग्युलेटर बंद, मग वरचं बटण दिवसभर फिरवू दे.

मार उपयोगी पडतो का, यावर जगात भरपूर अभ्यास झालेत. २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र करून तपासले, सगळी मिळून १ लाख ६० हजारांवर मुलं. हाडं मोडणारा मार त्यांनी धरलाच नव्हता, फक्त हातानं दिलेले साधे फटके. मार खाणारी मुलं जास्त ऐकतात असं काही निघालं नाही. जास्त मारकुटी असतात, असं निघालं.

आणि शेवटचं. तुम्ही ओघात लिहून पुढं गेलात, पण मी तिथंच थांबले. 'आईला सांगायचं नाही.' वळ आठवड्यात जातील. पण मोठ्या माणसानं दुखवलं तर ते घरी सांगायचं नसतं, हे पोरगं शिकलं तर उद्या दुसऱ्या कुणी काही केलं तरी ते तुम्हाला सांगणार नाही. या वेळी त्यानं सांगितलं, फेस भरता भरता का होईना. ते वाक्य आधी धरा. उलथणं नंतर.

हळदीचा_वायदा | शुक्रवार, दुपारी ३.०५

प्रश्न आहे, भांडण नाही. वांड पोरांनाच जास्त मार बसतो. मग मारामुळं पोरगं वांड होतं की वांड असतं म्हणून मार खातं?

ताप_उतरला | शुक्रवार, दुपारी ४.५०

अगदी योग्य शंका. म्हणूनच काही अभ्यासांत त्याच मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा तपासलंय, सुरुवातीला किती वांड होती तो फरक वजा करून. तरी संबंध उरतोच. उरतो तो फार मोठा नाही, पण उलट्या बाजूला सहसा जात नाही.

कैरीचं_लोणचं | शुक्रवार, रात्री १०.१५

ताप ताई, 'सांगायचं नाही' हे तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. चारदा वाचलं. आज झोपवताना त्याला म्हटलं, मला सांगितलंस ते बरं केलंस. तर म्हणाला, "मग आज्जीला सांगू नको मी सांगितलं ते." आता मी काय सांगू याला?

काळा_कोट | शनिवार, सकाळी १०.००

कायदा कुणी विचारलेला नाही, पण विचारणार हे माहीत आहे, म्हणून आधीच देतो. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. घरात मारायचंच नाही अशी थेट बंदी आपल्याकडं नाही. उलट जुन्या दंडविधानाच्या कलम ८९ मध्ये, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं किंवा त्याच्या संमतीनं सद्हेतूनं केलेल्या कृत्याला अपवाद होता, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली तरी तो कायम आहे. मात्र ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला विनाकारण यातना होतील असं मारलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. चटके, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं असलं काही असेल तर १०९८ ला फोन करायला कचरू नये. या धाग्यातल्या आजीला यातलं काहीही ऐकवू नये. सासूला कलम सांगणाऱ्या सुनेचे पुढचे कागद मग माझ्याकडंच येतात.

स्टॉकहोमची_सातारकर | शनिवार, दुपारी १.३०

माहेर सातारा, शाहूपुरी. अकरा वर्षं स्वीडनमध्ये आहे. इथं घरात मारायलासुद्धा १९७९ पासून बंदी आहे, असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश. गंमत म्हणजे त्या कायद्यात शिक्षा लिहिलेलीच नाही. कायदा आला तेव्हा त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती, म्हणजे सकाळी न्याहारीला आईबाप आणि पोरं दोघांनाही एकदमच कळावं. आपल्या शेजारच्या नेपाळनंही २०१८ मध्ये घरातल्या मारावर बंदी आणली.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखी नाही. पहिल्या वर्षी लेकीला दुकानात एक चापट दिली, तर मागं उभ्या असलेल्या आजीबाईंनी शांतपणे माझ्या हातावर हात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. इतकी लाज मला सासरीसुद्धा कधी वाटली नव्हती.

मिरजकर_नाना | शनिवार, दुपारी १.५२

आमच्याकडं दूध रतिबाचं येतं. किटलीवर काय छापायचं?

बापमाणूस | शनिवार, रात्री ९.२०

लोणचं ताई, 'बोलायचं कुणी' याचं उत्तर: ज्याची आई त्यानं. मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय, त्यामुळं खात्रीनं सांगतो. बायको बोलली तर आई फक्त बायकोचा आवाज ऐकते, शब्द ऐकत नाही.

पहिला डाव मी वाया घालवला. बायकोनं सांगितलं तसा तावातावानं स्वयंपाकघरात गेलो आणि "आई, पोरीला मारायचं नाही, सांगून ठेवतो" म्हणालो. आईनं तवा उतरवला आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मामा आले. तुम्हाला कळलं असेल.

मग एका रविवारी तिला एकटीलाच गाडीवर बसवून हरिपूरला संगमावर नेलं. दर्शन झालं, बाहेर चहा घेतला. पाण्याकडं बघत बसलो होतो. तेव्हा म्हणालो, "आई, तुझा हात उठायला लागला की मला फोन कर. मी दुकान टाकून येतो." बास. मारू नको म्हणालोच नाही. ती म्हणाली, "आणि गिऱ्हाईक?" म्हटलं, "गिऱ्हाईक थांबंल."

पहिल्या आठवड्यात तीन फोन आले. तिन्ही चार ते साडेचारच्या दरम्यान. एकदा खरंच शटर ओढून गेलो. पोरगी जिन्यात बसून रडत होती, आई आत बसून रडत होती, आणि भांडणाचं कारण एक खोडरबर. पोरीला घेऊन दुकानात आलो, तिनं संध्याकाळपर्यंत माझे नटबोल्ट मापानं लावले. पुढं फोन कमी झाले. नंतर नंतर आई फोन करून नुसतीच म्हणायची, "काय नाही, असंच." मला कळायचं.

तुमचे मालक इथं वाचत असतील तर त्यांना सांगा: 'आम्ही खाल्लाय मार' हे मी पण म्हणायचो. मार आठवतो, पण कशासाठी खाल्ला त्यातलं एक तरी कारण आठवतं का?

मिरजकर_नाना | शनिवार, रात्री ११.३५

एक आठवतं. चिंचा.

ताप ताईंनी कानाचं लिहिलं ते वाचून उठून बसलो. आमच्या धाकट्याला डाव्या कानानं लहानपणापासून कमी येतं. आम्ही त्याला बहिरोबा म्हणायचो, आता त्याची नातवंडं म्हणतात. का कमी येतं हे घरात कधी कुणी बोललं नाही. आज तुमच्यामुळं डोक्यात आलं. त्याला विचारणार नाही, त्याचंही वय आता ६१.

माझं मत बदललं असं समजू नका. नोंद म्हणून लिहिलं.

दोन_नातवंडांची_आजी | रविवार, पहाटे ५.१०

मी तासगावची. वय ६६. नातू मोबाईलवर मराठी लिहायला शिकवून गेला तेव्हापासून तुमच्या सगळ्यांचं वाचते, लिहिते पहिल्यांदाच. चुका पोटात घाला.

मी नातवाला मारलेलं आहे. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. लाटण्यानं.

लोणच्याच्या सुनबाई, तुम्ही सकाळी नऊला जाता आणि साडेसहाला येता. मधलं मी सांगते. बाराला पोराला जेवू घालायचं, एक घास तोंडात आणि एक फरशीवर. एकला भांडी. दोनला जरा पाठ टेकावी तर पोरगं पोटावर बसून घोडा घोडा करतं. आमच्या वयात दुपारची झोप चुकली की तीननंतर डोकं ठिकाणावर नसतं. गुडघा वाकत नाही, म्हणजे ते पळालं तर मागं पळता येत नाही. वाकून उचलता येत नाही. मग हाताला लांब काहीतरी लागतं. लाटणं, उलथणं, पट्टी. मी पुष्कळ विचार केला की मी हातानं का मारलं नाही. हात पोचत नव्हता म्हणून.

आणि भीती असते. स्वतःच्या पोरांना वाढवताना ही भीती नव्हती. पडलं, फुटलं, तर आपलं होतं. नातवंड म्हणजे ठेव असते. त्याला भाजलं, ते गच्चीवरनं पडलं तर लेकाला आणि सुनेला काय तोंड दाखवू? त्या भीतीनंच जास्त मारलं जातं. गॅसच्या बटणाला हात लावला म्हणून तुमच्या सासूबाईंचं काळीज किती धडधडलं असेल ते मला इथं बसून कळतंय. म्हणून मारलं ते बरोबर, असं नाही म्हणत.

माझं कसं थांबलं ते सांगते. एकदा नातवाच्या हातून दुधाचं भांडं उलटं झालं. मी चुलीपाशी होते, मला माहीतही नव्हतं. तो आत आला, फळीवरचं लाटणं काढलं, माझ्यापाशी आणून माझ्या हातात दिलं आणि पाठ करून उभा राहिला. "दूध सांडलं," म्हणाला. रडत नव्हता. रोजचं काम असल्यासारखा उभा होता. मी ते लाटणं घेऊन तशीच बसले. त्या दिवशी चपात्या झाल्या नाहीत. सुनेनं आल्यावर विचारलं तर गुडघा दुखतोय म्हटलं.

सुनबाई, 'का मारलंत' असं विचारलंत तर त्या भांडतील. मी पण भांडले असते. 'आई, दुपारी काय काय होतं' असं विचारा. आम्हाला कुणीच विचारत नाही. लेक येतो आणि विचारतो, पोरगं जेवलं का?

अर्धी_चपाती | रविवार, सकाळी ७.४५

आजी, साष्टांग. बाकी काही लिहायला सुचत नाही.

ताप_उतरला | रविवार, सकाळी ९.१०

'हात पोचत नव्हता म्हणून.' बावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आजी.

स्टॉकहोमची_सातारकर | रविवार, सकाळी ११.००

आजींचं सगळं पटलं, पण एक बोचरं बोलते. थकलेली आजी समजू शकते. रोज मारणारी, मजा म्हणून घाबरवणारी, 'तुझ्या आईनं वळण लावलं नाही' असं मुलाला ऐकवत मारणारी आजीही असते. माझ्या मावशीच्या घरात होती. तिच्याशी दुपारच्या गप्पा मारून काहीही झालं नाही. शेवटी मावशीनं नोकरी सोडली आणि पोरांना सांभाळलं, आणि त्या नोकरीचं दुःख ती अजून करते. सगळ्यांनाच संगमावरचा चहा लागू पडत नाही.

बापमाणूस | रविवार, सकाळी ११.२५

मान्य. तिथं मग पाळणाघर किंवा वेगळं बिऱ्हाड, जे परवडेल ते. पण ते ठरवायच्या आधी एकदा विचारून तर बघावं.

कैरीचं_लोणचं | मंगळवार, रात्री ११.५५

विचारलं.

काल सुट्टी टाकली. आईंना सांगितलं नव्हतं. अण्णा झोपल्यावर शेंगा फोडायला घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि आजींनी सांगितलं तसंच विचारलं. आई, दुपारी काय काय होतं?

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "का? काय सांगितलं तुला त्यानं?" माझी चुकी झाली, मी लगेच बोलून गेले की पोटरीवर वळ बघितले. झालं. "मग तूच ठेव की तुझं पोरगं! माझी काय हौस हाय का?" म्हणून शेंगांचं सूप माझ्याकडं सारून आत गेल्या. म्हटलं संपलं सगळं.

दहा-पंधरा मिनिटांनी परत आल्या. बसल्या. दोन-चार शेंगा फोडल्या आणि खाली बघूनच म्हणाल्या, "एकच दिला होता. दोन न्हवं." ताप ताई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी तिथं 'खोटं बोलू नका, दोन वळ होते' म्हणाले असते. मी म्हटलं, हो, एकच असणार. त्यावर त्या जरा सैल पडल्या.

मग बोलल्या. त्या दिवशी दूध तापायला ठेवून त्या मागं कपडे काढायला गेल्या होत्या. येऊन बघतात तर ज्योत विझलेली, बटण पूर्ण उघडं, वास सुटलेला आणि हा ओट्याला टेकून उभा. त्यांनी आधी बटण बंद केलं, खिडकी उघडली, याला बाहेर ढकललं आणि मग उलथणं घेतलं. म्हणजे धोका टळल्यावर. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. "तवर हातपाय कापायला लागले होते," म्हणाल्या.

मी विचारलं, मग मला सांगायचं नाही असं का सांगितलंत त्याला? मला वाटलं होतं, उलटून बोलतील. तर म्हणाल्या, "तुझी भ्या वाटती मला. तू बोलत न्हाईस, नुसती भांडी आपटतीस."

आपटते मी. खरं आहे.

नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. संपूर्ण वाचला. "हे नाना कोण आहेत?" एवढंच विचारलं. पण आज दुपारी दुकानातून आईंना फोन केला होता म्हणे, आणि काही कामच नव्हतं.

मिरजकर_नाना | बुधवार, सकाळी ६.००

नाना म्हणजे मीच. मालकांना नमस्कार सांगा.

कैरीचं_लोणचं | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ११.१०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. गल्लीतच एक ताई घरी चार-पाच मुलं सांभाळतात. चिकू तीन ते साडेपाच तिथं जातो. आईंना आधी अपमान वाटला, 'मी मेले का' वगैरे झालं. आता अडीचलाच त्याचं दप्तर भरून दारात उभ्या असतात आणि तो गेला की झोपतात. रेग्युलेटर बंद करायचं काम अण्णांकडं दिलंय. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वयंपाकघरात जायला लागलेत. दिवसातून सहा वेळा बघून येतात. आईंना आता त्याचाच ताप आहे.

चिकूला आईंनीच सांगावं असं मी सुचवलं. त्यांनी मांडीवर घेऊन सांगितलं, "आज्जीनं मारलं तरी आईला सांगायचं. कुणीबी मारलं तरी सांगायचं." त्यानं लगेच विचारलं, "आईनं मारलं तर?" "मला सांगायचं," म्हणाल्या. आता मी जरा आवाज चढवला तरी हा पळत जाऊन तक्रार देऊन येतो.

सगळं गोड झालं असं नाही. मागच्या बुधवारी पाळणाघराला सुट्टी होती. मी घरी आले, चप्पल काढतेय तोवर आई दारातच म्हणाल्या, "आज एक धपाटा दिलाय. पाठीत. सांगून ठेवते." मला राग आला. भांडी आपटणार होते. मग विचारलं, किती वाजता? तर म्हणाल्या, "चारला." मागून चिकू ओरडला, "मी सांगणार होतो! आज्जीनं आधी का सांगितलं?"

मांजराचं पिल्लू अजून त्याच्या जवळ येत नाही. रोज वाटीत दूध ठेवतो, ते हा आत गेल्यावर येऊन पितं.

हळदीचा_वायदा | शनिवार, दुपारी १२.००

लोणचं ताई, पाळणाघराचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? माझ्या बहिणीसाठी हवाय. (माझ्यासाठीच हवाय.)

दोन_नातवंडांची_आजी | शनिवार, दुपारी १२.४०

तुमच्या सासूबाईंना गुडघ्याला निर्गुंडीचं तेल लावायला सांगा. कोमट करून. मला गुण आला.

मिरजकर_नाना | शनिवार, दुपारी १२.४५

निरगुडीचा असाही उपयोग असतो हे मला ६८ व्या वर्षी कळतंय. तेल घरी करायचं की विकत?

ताप_उतरला | शनिवार, दुपारी १.०५

तेल लावा, पण आधी एकदा एक्स-रे काढा. आणि दुखणाऱ्या गुडघ्यावर मांडी घालून शेंगा फोडत बसू नका, हे सासूबाईंना सांगा.

संपादक | शनिवार, दुपारी १.३०

गुडघेदुखीसाठी कृपया वेगळा धागा काढावा.